स्पर्धेत निवड झाली, आता स्टॉल घेऊ का?

ताई,
मी २९ वर्षांची. कासारवडवलीला आईबाबांकडे राहते, ऐरोलीत एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात रोज चार-पाच टँकर येतात. बाबा खजिनदार आहेत. बिल दहा हजार लिटरचं लागतं, पण पाणी खरंच तेवढं येतं का, यावरून दर मीटिंगला वाद. म्हणून मी आणि कोपरखैरण्याच्या एका मित्राने एक छोटं यंत्र बनवलं. खालच्या टाकीच्या झाकणाला आतून सेन्सर लावायचा. टँकर रिकामा झाला की किती पाणी वाढलं त्याचा मेसेज कमिटीच्या ग्रुपवर पडतो. एका यंत्राला साडेचार हजार खर्च येतो. आमच्या आणि शेजारच्या सोसायटीत तीन महिने चालू आहे.
आता वाशीला एक स्टार्टअप स्पर्धा आणि दोन दिवसांची परिषद आहे, तिच्या शेवटच्या फेरीत आमची निवड झाली. स्टेजवर तीन मिनिटं मिळणार. आयोजक म्हणतात स्टॉलही घ्या, पस्तीस हजार. मित्र म्हणतो घेऊया, कोणीतरी पैसेवाला भेटेल. बाबा म्हणतात नोकरी सांभाळ, हे तमाशे कशाला. मला इंग्रजीत बोलायची धास्ती आहे, आणि आयडिया कोणी उचलली तर, ही त्याहून मोठी. जाऊ का?
– घोडबंदरकर

प्रिय घोडबंदरकर,

जा. स्टॉल मात्र घेऊ नकोस.

आधी हिशोब. पस्तीस हजारांत तुझी सात यंत्रं होतात आणि वर साडेतीन हजार उरतात. ती सात यंत्रं घोडबंदर रोडवरच्या सात सोसायट्यांत एक महिना फुकट लावलीस, तर महिनाअखेर तुझ्या हातात सात टाक्यांची माहिती आणि चिडलेले सात सेक्रेटरी असतील. त्यातले दोन-तीन तरी म्हणतील, काढू नका, किती द्यायचे सांगा. त्याउलट दोन मीटर बाय दोन मीटरच्या त्या खोक्यात दोन दिवस उभं राहिलीस तर पाय दुखतील, आणि कॉलेजची मुलं येऊन पेन मागतील. मी हे कुचेष्टेने लिहीत नाही. रबाळ्याच्या एमआयडीसीत आमचं पंपाचे कंट्रोल पॅनल बनवायचं वर्कशॉप होतं, त्या काळात मी बरीच प्रदर्शनं केली आहेत. पेनं मीही वाटली आहेत.

स्टॉल कोणाला परवडतो? ज्याचं गिऱ्हाईक त्या हॉलमध्ये फिरणार असतं त्याला. मशीन टूलच्या प्रदर्शनात कारखानदार येतो, म्हणून मशीनवाला स्टॉल घेतो. तुझं गिऱ्हाईक कोण? सोसायटीचा सेक्रेटरी. निवृत्त बँकवाला, सकाळी भाजी आणून झाली की ऑफिसात बसून पाणीपट्टीच्या पावत्या फाडणारा. तो स्टार्टअप परिषदेला कशाला जाईल? तिथे येतात ते दुसरे स्टार्टअपवाले, क्लाउड विकणाऱ्या कंपन्या, इन्क्युबेटरचे (नव्या उद्योगांना हात देणाऱ्या संस्थांचे) मॅनेजर, थोडे गुंतवणूकदार, सरकारी खात्यांचे दोन-चार अधिकारी आणि पुष्कळ विद्यार्थी. यांच्याकडून तुला काय घेता येईल ते ठरवून जा, म्हणजे दोन दिवसांची रजा वसूल होईल.

आयोजकांना मात्र एक विचार: शेवटच्या फेरीतल्या स्पर्धकांना मोफत टेबल असतं का? पुष्कळ ठिकाणी असतं, सांगत कोणी नाही. मिळालं तर घे, आणि दोघांपैकी एकाने तिथे बसा, एकाने फिरा.

तुझ्या मित्राला एक जुनी गोष्ट सांग. २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला टेकक्रंच५० नावाची अशीच स्पर्धा झाली होती. पहिलं बक्षीस यॅमर नावाच्या कंपनीला गेलं. त्याच स्टेजवर फायली ऑनलाइन साठवायची सोय देणारे ड्रॉपबॉक्सवालेही येऊन गेले होते आणि बक्षिसाशिवाय परत गेले. पुढे ड्रॉपबॉक्स २०१८ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजारात उतरली. अर्थात पहिल्या आलेल्यांचंही काही वाईट झालं नाही, यॅमर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने १२० कोटी डॉलरना घेतली. सांगायचं एवढंच की त्या दिवशी परीक्षकांनी कोणाला किती गुण दिले याचा पुढच्या दहा वर्षांशी फारसा संबंध उरला नाही. बक्षिसाची रक्कम वाचतानाही नीट वाच. ‘दहा लाखांची बक्षिसं’ असं लिहिलेलं असतं आणि त्यातले आठ लाख कुठल्या तरी क्लाउड कंपनीचे क्रेडिट असतात, म्हणजे रोख नव्हे, त्यांचेच कॉम्प्युटर इंटरनेटवरून वापरायची सवलत. तुला दोन सेन्सरचे आकडे साठवायचे आहेत, आठ लाखांचा क्लाउड घेऊन काय करशील?

मग जायचं कशाला? प्रश्न ऐकायला. आपल्या यंत्रातली भोकं आपल्याला दिसत नाहीत. घरचे दाखवत नाहीत आणि शेजारच्या सोसायटीला यंत्र फुकट मिळालंय म्हणून तेही गप्प. परीक्षकाला तुझी भीड नसते. मीही गेली काही वर्षं कॉलेजांच्या अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते, तेव्हा तुझं पत्र वाचताना जो प्रश्न मला पहिला सुचला तो आत्ताच विचारते, म्हणजे स्टेजवर घाम फुटणार नाही.

टँकर रिकामा होत असताना वरच्या टाकीचा पंप चालू असला तर?

तुमची खालची टाकी सहा मीटर बाय चार मीटर आहे असं धर. दहा हजार लिटर पाणी पडलं की पातळी साधारण ४२ सेंटिमीटर चढते. साडेआठ हजारच आलं तर ३५. सहा-सात सेंटिमीटरचा फरक तुझा सेन्सर सहज पकडेल. पण टँकरला रिकामं व्हायला वीस मिनिटं लागली आणि तेवढ्या वेळात पंपाने मिनिटाला दोनशे लिटर वर खेचलं, तर चार हजार लिटर टाकीतून निघून गेलं. टँकरवाल्याने दहा हजार प्रामाणिकपणे ओतले आणि तुझा मेसेज कमिटीला सांगतो, सहा हजारच आले. त्या ग्रुपवर पुढे काय होईल ते मी सांगायला नको. टँकरवाला दुसऱ्या दिवशी येणार नाही, आणि मे महिन्यात टँकर आला नाही तर लोक आधी तुझं यंत्र टाकीत बुडवतील.

यावर उपाय सोपा आहे. पंपाच्या स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच असतो, त्याला बहुतेक वेळा एक मोकळा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट (सोबत उघडझाप करणारा जादा छोटा स्विच) असतो. त्यावरून सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडून दोन वायरी काढून घे. पंप कधी चालू झाला, कधी बंद झाला, हे तुझ्या यंत्राला कळेल. पंप मिनिटाला किती ओढतो ते टँकर नसताना एकदा मोजून ठेव आणि तेवढं हिशोबात मिळव. महापालिकेचं पाणी त्याच वेळी येत असेल तर तेही आलंच, त्याला टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या फ्लोट व्हॉल्व्हच्या अलीकडे बघावं लागेल. दुसरं, पाणी पडत असताना टाकीत नुसत्या लाटा असतात. आकडा लगेच घेऊ नकोस, पाच मिनिटं पाणी निवू दे. तिसरं, बंद टाकीत सेन्सरच्या तोंडावर दव धरतं आणि मग तो काहीही बोलतो. तीन महिन्यांत हे झालं असेलच. झालं असेल तर लपवू नकोस, स्टेजवर सांग. ‘आमचं यंत्र दुसऱ्या आठवड्यात चुकलं, का चुकलं ते आम्ही शोधलं’ असं सांगणारा स्पर्धक मला आजवर दोनदा भेटला. दोघांनाही मी भरभरून गुण दिले.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक कोणी सांगणार नाही. तुझ्या स्लाइडवर ‘वॉटर मीटर’ असं लिहिलं असेल तर तो शब्द काढ. ज्या मापावर पैशाचा व्यवहार ठरतो ते माप वैधमापन कायदा २००९ च्या कक्षेत येतं. त्याला नमुन्याची मंजुरी लागते, तपासणी लागते, शिक्का लागतो. भाजीवाल्याच्या काट्याला लागतो तसाच. उद्या सोसायटीने तुझ्या आकड्यावर टँकरचं बिल कापलं आणि टँकरवाला तक्रार घेऊन गेला, तर पहिला प्रश्न तुलाच येईल. तूर्त त्याला पातळी दाखवणारं यंत्र म्हण, ‘बिल तपासायला मदत’ म्हण. परीक्षकांत कोणी जाणकार असला आणि त्याने विचारलं, तर सांग की आम्हाला हे ठाऊक आहे, व्यवहारासाठी वापरायचं झालं तर मंजुरी घेऊ. एवढं ऐकून तो वहीत काहीतरी लिहील, बघ.

आता चोरीची भीती. तुला वाटते ती चोरी फार क्वचित होते, कारण लोकांना स्वतःच्याच आयडियातून सवड नसते. माझी एक झाली होती. पंप कोरडा चालला की आपोआप बंद करणारं एक पॅनल आम्ही गोरेगावच्या प्रदर्शनात मांडलं. एकाने झाकण उघडून निवांत फोटो काढले, मी वर त्याला चहाही पाजला. चार-पाच महिन्यांनी मुंबईत लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, तसंच पॅनल आमच्यापेक्षा दोनशे रुपयांनी स्वस्त दिसलं. मी पंधरा दिवस झोपले नाही. पण आमचं खरं नुकसान वेगळंच होतं, ते पुढे सांगते.

पेटंटचं एवढं लक्षात ठेव. आपल्याकडे १९७० चा कायदा आहे आणि त्यात नवेपणा लागतो. चार लोकांसमोर आधी दाखवलं की नवेपणा गेला. प्रदर्शनात दाखवल्यास बारा महिन्यांची सवलत कलम ३१ मध्ये आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांपुरती. वाशीच्या हॉलमध्ये कोणीतरी भरवलेली परिषद म्हणजे ते नव्हे. तेव्हा अर्ज करायचाच असेल तर स्टेजवर चढण्याआधी कर. तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन केला तर सरकारी फी १,६०० रुपये, आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. पेटंट एजंटची फी वेगळी. तुझं यंत्र दोन सोसायट्यांत तीन महिने उघडपणे चालू आहे, हे त्याला पहिल्याच भेटीत सांग, मागाहून नको.

पण मनातलं बोलू? बाजारातला सेन्सर टाकीच्या झाकणाला लावला, याला पेटंट मिळणार नाही. माहीत असलेल्या वस्तूंची नुसती जुळवाजुळव आणि नुसता संगणक प्रोग्राम, दोन्ही कायद्याने बाहेर ठेवले आहेत. पंपाचा आणि टँकरचा हिशोब वेगळा करायची काही नवी तांत्रिक युक्ती तुम्ही काढलीत तर तिथे विचारायला जागा आहे. नसेल तर ते पैसे नावाच्या ट्रेडमार्कला घाल. मालाच्या एका वर्गाला ४,५०० रुपये, म्हणजे तुझं बरोबर एक यंत्र.

माझ्या मते चोराआधी तुझ्या स्वतःच्या नेमणूकपत्राकडे बघायला हवं. कपाटातून काढ आणि आज रात्री वाच. पुष्कळ सॉफ्टवेअर कंपन्यांच्या करारात असतं की नोकरीत असताना केलेलं काम कंपनीच्या मालकीचं, आणि परवानगीशिवाय दुसरा उद्योग करायचा नाही. यंत्राच्या प्रोग्रामची एक ओळही ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहिली असशील तर आधी ते थांबव. मग एचआरला मेल टाक: घरगुती पाण्याचं यंत्र आहे, कंपनीच्या कामाशी संबंध नाही, स्पर्धेत भाग घेते आहे, परवानगी द्यावी. तोंडी ‘हो गं, जा’ चालणार नाही. स्पर्धेचे फोटो दुसऱ्या दिवशी लिंक्डइनवर असतात आणि तुझा मॅनेजर ते बघतो. स्पर्धेचे नियमही शेवटपर्यंत वाच. जिंकल्यास कंपनीत हिस्सा द्यावा लागेल असं कुठे दडलंय का बघ. मित्राशी मालकी किती-किती हे बोलली नसशील तर स्पर्धेआधी एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. बक्षीस मिळाल्यावर हे बोलणं अवघड जातं, न मिळाल्यावर त्याहून.

इंग्रजीचं काही मनावर घेऊ नकोस. पहिली दोन वाक्यं घोकून पाठ कर, बाकी यंत्र बोलेल. पहिलं वाक्य बाजारपेठ किती हजार कोटींची आहे हे नको. ती स्लाइड सगळ्यांकडे असते आणि आम्ही परीक्षक तेवढ्यात पाणी पिऊन घेतो. ‘आमच्या सोसायटीत रोज पाच टँकर येतात, आणि त्यात किती पाणी असतं हे कोणालाच माहीत नाही’, एवढं पुरे. वॉचमन ज्या वहीत टँकरचा नंबर आणि वेळ लिहितो, तिचं एक पान मोठं करून दाखव. ओलं बोट लागून फुगलेली ती अक्षरं, समोर दहा हजार, दहा हजार, दहा हजार. मग त्याच दिवसांचे तुझ्या यंत्राचे आकडे. इथे दोन सेकंद गप्प राहा. प्रश्न इंग्रजीत आला आणि उत्तर मराठीत सुचलं तर मराठीत दे. वाशीत बसलेल्या परीक्षकाला ते कळतं. शेवटी काय मागायचं तेही नेमकं सांग. ‘सहकार्य हवं’ म्हणजे काहीच नाही. ‘ठाण्यात वीस सोसायट्या सांभाळणारी फॅसिलिटी कंपनी हवी आहे’ म्हटलंस तर हॉलमधला एखादा जण कोणाचा तरी नंबर देईल.

प्रात्यक्षिक करणार असशील तर हॉलच्या वायफायवर विसंबू नकोस. हजार माणसं एका छताखाली आली की मोबाइलचं नेटवर्कही मान टाकतं. पारदर्शक डबा, एक तांब्या, सेन्सर आणि जागच्या जागी चालणारा आकडा, एवढंच ठेव. व्हिडिओ पेनड्राइव्हवर वेगळा. आणि एक जुनं फडकं. स्टेजवर पाणी सांडणार, आणि तिथे वायरी असतात.

आता ते राहिलेलं नुकसान. गोरेगावहून परत आलो तेव्हा बुटाचं खोकं भरून व्हिजिटिंग कार्डं होती. सोमवारपासून वर्कशॉपचं काम अंगावर आलं आणि ते खोकं कपाटावर गेलं. दोन वर्षांनी आवराआवर करताना उघडलं, तर एका कार्डाच्या मागे माझ्याच अक्षरात लिहिलेलं, ‘४० पॅनल, ऑक्टोबरआधी’. फोन लावला. माणूस चांगला होता, म्हणाला, बाई, आम्ही तुमच्या फोनची वाट बघून लोहार चाळीतून घेतली. तेव्हा तू दोन दिवसांत दहाच माणसांशी बोल, पण भेट झाली की बाजूला जाऊन मोबाइलमध्ये लिही, कोण, काय म्हणाला, पुढे काय. परिषदेनंतरच्या गुरुवारच्या आत दहाही फोन झाले पाहिजेत. गुंतवणूकदार ‘इंटरेस्टिंग आहे, टचमध्ये राहू’ म्हणाला तर ते नाही समज आणि वाईट वाटून घेऊ नकोस. त्याला साडेचार हजारांचं यंत्र नको असतं, त्याला पाच वर्षांत पन्नासपट होणारं काहीतरी हवं असतं. परिषदेनंतर मेल येऊ लागतील की अमुक पुरस्कारासाठी तुमची निवड झाली आहे, पंचवीस हजार भरा. ते सरळ डिलीट.

इन्क्युबेटरवाले आणि सरकारी माणसं मात्र सोडू नकोस. राज्य सरकारच्या नावीन्यता सोसायटीचा स्टार्टअप सप्ताह असतो, त्यात निवडलेल्या स्टार्टअपना सरकारी खात्यात प्रयोग करायला काम मिळतं. ट्रॉफी नव्हे, कामाची ऑर्डर. पाणी हा विषय खात्यांच्या गरजेचा आहे. केंद्राच्या २०२१ च्या सीड फंड (सुरुवातीच्या पैशाच्या) योजनेत इन्क्युबेटरमार्फत नमुना विकसित करायला २० लाखांपर्यंत अनुदानाची सोय ठेवली होती, ती आता चालू आहे का ते त्यांना विचार. पण त्यात अर्ज करताना कंपनी नोंदवून दोन वर्षांहून जास्त झालेली चालत नसत. म्हणून स्पर्धेच्या उत्साहात उद्याच कंपनी नोंदवू नकोस, अशा अटींचं घड्याळ त्या दिवसापासून सुरू होतं. चार-पाच सोसायट्यांनी रोख पैसे मोजले की नोंदव. सोसायट्यांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. उन्हाळ्यासाठी खर्च मंजूर करून घ्यायचा तर त्या सभेच्या विषयपत्रिकेवर तुझं यंत्र हवं.

राहिले बाबा. ते नोकरीबद्दल म्हणतात ते बरोबरच आहे, आणि नोकरी सोडायचा प्रश्नच नाही, दोन दिवसांची रजा आहे. तू त्यांना पटवत बसू नकोस, दुसऱ्या दिवसाचा पास काढून सोबत ने. त्या अख्ख्या हॉलमध्ये टँकरची बिलं स्वतः फेडलेला माणूस बहुधा तेच एक असतील. कोणी विचारलं, सोसायटी यासाठी महिन्याला किती देईल, तर तुझ्या स्लाइडपेक्षा खजिनदारांचं उत्तर ऐकतील. तुलाही ते उत्तर अजून माहीत नसेल असा माझा अंदाज आहे. घरात कधी विचारलंस का?

वॉचमनची ती वही मात्र त्यांच्याकडून मागून घे आणि परत दे, ऑडिटला लागते. घोडबंदरवरून गाडीने वाशीला निघायचा विचारही करू नकोस, सकाळी मानपाड्यालाच अडकशील. ठाणे स्टेशन गाठ, नऊ किंवा दहा नंबरवरून वाशी लोकल. डबा घरून ने. आणि काय झालं ते मला कळव, विशेषतः पंपाच्या प्रश्नाचं.

– ताई